ज्येष्ठांनी घरात बसावं हे ठीक, पण घरात येणाऱ्यांचं काय?

२०२० च्या दिवाळीसाठी राज्य सरकारच्या सूचना आल्यात. सण साधेपणाने करा, फटाके टाळा, खरेदीला गर्दी करू नका, आणि ज्येष्ठ नागरिकांनी व लहान मुलांनी शक्यतो घराबाहेर पडू नये. आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा कागद फिरतोय. त्यातही ज्येष्ठांचं वाक्य तेवढं पिवळ्या रंगाने रंगवून. पोरं आई-वडिलांना पाठवतायत, सुना सासऱ्यांना वाचून दाखवतायत. पाठवून झालं की तीच मंडळी पिंपरी कॅम्पात कपडे घ्यायला जातायत. काल संध्याकाळी शगुन चौकातून गाडी काढायला मला वीस मिनिटं लागली.

सल्ला चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की देशात कोरोनाने गेलेल्यांपैकी ५३ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. आपल्या लोकसंख्येत साठीच्या पुढचे दहात एक. म्हणजे दहातल्या एकाच्या वाट्याला निम्म्याहून जास्त मरण आलं. एकट्या महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीपर्यंत ४५ हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी गर्दीपासून लांब राहावं, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

माझा प्रश्न वेगळाय. हा सल्ला आपण ज्यांना देतोय, तो पाळणं खरंच त्यांच्या हातात आहे का?

आमच्या शेजारच्या एका सोसायटीचं उदाहरण देतो, नाव घेत नाही. तिथे कमिटीने बोर्डावर नोटीस लावली, ६५ वर्षांवरील रहिवाशांनी खाली बाकावर बसू नये, बसलेले दिसल्यास दंड. ती नोटीस वाचून आजोबांना वर पाठवायचं काम कोणाकडे? गेटवरच्या सिक्युरिटी काकांकडे. काकांचं वय सहासष्ट! तीस वर्षं एका कंपनीत मशीनवर काढली, कंपनी बंद पडली, पीएफची पेन्शन बसली महिन्याला अठराशे. म्हणून बारा तासांची ड्युटी. येणाऱ्या प्रत्येक कुरिअरवाल्याच्या, दूधवाल्याच्या, कामवाल्या मावशीच्या कपाळाला ती तापाची गन लावायची, हातभर अंतरावर उभं राहून. ज्यांना जपायचं ते वरच्या मजल्यावर, आणि त्यांच्याच वयाचा माणूस त्यांच्यासाठी गेटवर ढाल म्हणून उभा. कमिटीतल्या कोणालाही यात काही वावगं दिसलं नाही.

काकांना मी विचारलं, घरी बसायचा सल्ला ऐकला का? हसले. म्हणाले, "ऐकला ना. माझा मोबाईल लागत नाही तोवर ती बाई खोकत तेच सांगते."

पेन्शनीचे आकडे ज्यांना माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. ईपीएस ९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये झाली, २०२० मध्येही तेवढीच होती. श्रावणबाळ योजनेचे २०२० मध्ये एक हजार होते. मार्च २०२० मध्ये केंद्राने पॅकेज जाहीर केलं त्यात गरीब वृद्धांना जादा मिळाले हजार रुपये, तेही पाचशे-पाचशेचे दोन हप्ते करून. आपली ही एमआयडीसी साठ-सत्तरच्या दशकात ज्यांच्या जिवावर उभी राहिली ते सगळे आता साठी-सत्तरीत आहेत. टेल्को, बजाजसारख्या मोठ्या कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांचं बरं चाललंय, त्यांच्या गाठीशी काहीतरी आहे. पण भोसरीतल्या, पिंपरीतल्या छोट्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेले? त्यांनी घरी बसायचं म्हणजे पोराच्या तोंडाकडे बघत बसायचं. हा सल्ला ऐच्छिक आहे म्हणे. ज्याला परवडतं त्याच्यासाठी ऐच्छिक.

आता ऐच्छिक या शब्दाबद्दल. मे २०२० मधल्या केंद्राच्या आदेशात ६५ वर्षांवरच्यांनी घरातच राहावं असा सरळ हुकूम होता. ३० मेच्या आदेशात शब्द बदलला, घरी राहण्याचा "सल्ला" दिला गेला. फरक छोटा वाटतो पण मोठा आहे. राज्य सरकारने शूटिंगच्या सेटवर ६५ वर्षांवरच्या कलाकारांना, कामगारांना मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती ७ ऑगस्टला रद्द केली. त्याच वयाच्या माणसाला बाकीच्या धंद्यांत बंदी नाही, मग इथेच का, असा साधा मुद्दा होता. मला तो निकाल पटतो. सत्तर वर्षांच्या बाईला किंवा बाप्याला स्वतःच्या जिवाचा हिशोब कळतो. त्यांना माहिती द्या, सोय करून द्या, निर्णय त्यांना घेऊ द्या. सोसायटीच्या चेअरमनला त्यांच्यावर दंड लावायचा अधिकार कोणी दिला?

जून महिना आठवा. देहू आणि आळंदी इथून हाकेच्या अंतरावर. वारीत चालणाऱ्यांत निम्मी डोकी पांढरी असतात हे आपण लहानपणापासून बघतोय. २०२० साली प्रस्थान झालं, देहूत १२ जूनला, आळंदीत १३ जूनला, मोजक्या माणसांत. पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या. चाळीस-चाळीस वर्षं एकही वारी न चुकलेली माणसं घरी बसली. आमच्या भागातल्या एका माउलींनी एकादशीपर्यंत रोज सकाळी गच्चीवर टाळ घेऊन फेऱ्या मारल्या, त्या दिवसाच्या मुक्कामाचं नाव घेत. त्यांना कोणी दंड लावला नव्हता. संस्थानांनी, फडांनी, दिंडीप्रमुखांनी समजावून सांगितलं, विचारात घेतलं, आणि माणसांनी ऐकलं. म्हाताऱ्यांना कळत नाही, ते ऐकत नाहीत, ही तक्रार मला म्हणूनच पोकळ वाटते. ऐकत नाही ती आपली पिढी.

खरी गोची पुढे आहे. समजा सगळ्या ज्येष्ठांनी शंभर टक्के ऐकलं. उंबरा ओलांडला नाही. मग काय होईल?

याचं उत्तर आपल्याला मे महिन्यातच मिळालंय. चिंचवडच्या आनंदनगर झोपडपट्टीत साथ शिरली तेव्हा घरातली म्हातारी माणसं काय मॉलमध्ये फिरायला गेली होती? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, बाहेर सार्वजनिक संडास. ओटा स्कीमला, भाटनगरला, विठ्ठलनगरला काय वेगळं आहे? दो गज दूरी म्हणजे सहा फूट. त्या खोलीत सहा फूट मोजले तर पुढचं पाऊल थेट गल्लीत पडतं. "आमचे दादा कुठेच गेले नव्हते हो," हे वाक्य मी या सहा महिन्यांत इतक्या घरांतून ऐकलंय की आता समोरचा "आमचे दादा" म्हणाला की पुढचं मला कळतं. दादा कुठे गेले नव्हते. पोरगा कंपनीत गेला होता.

यात पोराचाही दोष नाही. चाकणची फर्स्ट शिफ्ट गाठायला तो पहाटे पाचला कंपनीच्या बसमध्ये बसतो. मे-जूनमध्ये एका सीटवर एक माणूस होता, आता ऑर्डरी वाढल्यात, बस परत भरून जाते. एसी लावला की खिडक्या बंद. कँटीनमध्ये जेवताना मास्क खाली. लाइनवर दोघं समोरासमोर. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, त्यामुळे गेटवरची ती गन त्याला पकडतही नाही. संध्याकाळी घरी येऊन तो टीव्हीसमोर बापाशेजारीच बसतो. बसणार दुसरीकडे कुठे?

आणि समजा सकाळी उठल्यावर त्याचा घसा धरला. कायम कामगार असेल तर एक सिक लीव्ह टाकेल. कंत्राटी असेल तर? नो वर्क, नो पे. वर हजेरी भत्ता जातो. काही ठिकाणी महिन्यात एक खाडा पडला तरी तो सगळा कापतात. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या सत्तर टक्के, पण त्यासाठी डॉक्टरचा कागद पाहिजे, मोहननगरला चकरा पाहिजेत, आणि "जरा घसा धरलाय" याला कागद मिळत नाही. मग तो एक गोळी घेतो आणि बस पकडतो. दुसऱ्या बाजूला आपण त्याच्या बापाला सांगतो, काका, अंतर ठेवा हं.

हा हजेरी भत्ता माझ्या डोक्यात फार घोळतोय. आजारी असतानाही कामावर यावं म्हणून आपण माणसाला पैसे देतोय, इतकं सरळ आहे ते. साथीच्या वर्षात तरी हे थांबायला पाहिजे. मी स्वतः भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये सुपरवायझर आहे, चौतीस माणसं आहेत, त्यामुळे मालकांची बाजूही मला दिसते. एप्रिल कोरडा गेला, मे अर्धा गेला, जुलैमध्ये १४ ते २३ परत लॉकडाऊन झाला. बँकेचा हप्ता थांबलेला होता तरी व्याज चढत होतं. अशा वेळी भरपगारी रजा द्या म्हटलं की मालक माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती मला कळते. पण मी सगळ्यांना महिनाभर रजा द्या म्हणत नाहीये. घसा धरला, ताप आला, घरात कोणी पॉझिटिव्ह निघालं, तर त्या माणसाची हजेरी जानेवारीपर्यंत कापू नका, एवढंच. एका माणसाचे तीन दिवस वाचवायला गेलात तर अख्खी लाइन दहा दिवस बसते. वाळूजला जून-जुलैमध्ये काय झालं ते सगळ्या औद्योगिक पट्ट्याने पाहिलंय.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण दिवस थोडे उरलेत.

शनिवारी, १४ नोव्हेंबर २०२० ला लक्ष्मीपूजन. सोमवारी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, तळवडे, भोसरी इथे खोल्या करून राहणारी हजारो पोरं बुधवार-गुरुवारपासून गावाला निघतील. लातूर, बीड, नांदेड, परभणी, बुलढाणा, सोलापूर, जळगाव. ऑगस्टपासून एसटी जिल्ह्याबाहेर सुरू झाली, सप्टेंबरपासून पूर्ण सीट भरून. वल्लभनगर स्टँडवर गुरुवारी रात्री काय चित्र असेल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ही पोरं जाणार कोणाकडे? आई-बापाकडे, आजीकडे. गावात सल्ला पाळून आठ महिने ओट्यावर बसलेल्या माणसांकडे. तिथे तालुक्याला व्हेंटिलेटर किती, हे मी सांगायला नको. आपल्याकडे २०२० मध्ये निदान वायसीएम होतं, नेहरूनगरच्या स्टेडियममध्ये जम्बो उभं होतं, ऑटो क्लस्टर होतं. गावात म्हाताऱ्या माणसाचा ऑक्सिजन रात्री दोनला खाली आला तर जीप शोधण्यापासून सुरुवात.

आकडे उतरलेत म्हणून सगळे निर्धास्त झालेत. सप्टेंबर २०२० च्या मध्यात राज्यात दिवसाला चोवीस हजारांच्या आसपास रुग्ण सापडत होते, त्यामानाने नोव्हेंबरच्या सुरुवातीला खूपच कमी. पण त्या सप्टेंबरच्या आधी गणपती होते हे विसरू नका. केरळने सुरुवातीला साथ किती छान आवरली होती, ओणम झाला आणि तिथले आकडे कुठच्या कुठे गेले.

गावाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मार्चपासून आईचं तोंड न पाहिलेल्या पोराला ते सांगायची माझी हिंमत नाही, आणि सांगून कोणी ऐकणारही नाही. पण अंतर राखायची जबाबदारी जाणाऱ्याने उचलावी, म्हातारीवर टाकू नये. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात, कधी चौदाही लागतात. म्हणजे आजपासून निघेपर्यंतचे दिवस महत्त्वाचे. रूमवर पत्त्यांचा डाव नको, कॅम्पातली खरेदी नको, टपरीवर घोळका नको. प्रवासात मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. खिडकी उघडी ठेवायची, थंडी वाजली तर स्वेटर घालायचा. घरी पोचलं की पहिले चार-पाच दिवस झोपायला ओसरी, माळवद, अंगण, जे असेल ते. शहरात नाही ती जागा गावात आहे, तिचा उपयोग करा. पाया लांबून पडा. फराळ अंगणात बसून खा, आजीच्या खाटेवर बसून नको. आजीजवळ जायचं झालं तर घरातसुद्धा मास्क लावा. यात आजीने काय करायचं? काहीच नाही. तिने तिच्या जागी बसावं आणि चकल्या बिघडल्या म्हणून सुनेला बोलावं.

टेस्ट करून जातो म्हणणारे पण आहेत. चांगलं आहे, पण आज निगेटिव्ह म्हणजे परवा निगेटिव्ह असं नसतं, आणि अँटिजेन टेस्टमधून बरेच पॉझिटिव्ह सुटतात. आरटीपीसीआरचा खासगी लॅबचा दर सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये उतरवून ९८० वर आणला, तरी बारा हजारांवर काम करणाऱ्याला ते दोन दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्तच. टेस्ट परवडली तर करा, पण ती खिशात आहे म्हणून आजीच्या गळ्यात पडू नका.

कंपन्यांना यात एक काम फुकटात करता येईल. सगळी सुट्टी एकाच दिवशी देऊ नका. निम्म्यांना बुधवारी सोडा, निम्म्यांना शुक्रवारी, परत यायचंही तसंच मागेपुढे. एसटीवरची, ट्रॅव्हल्सवरची झुंबड आपोआप कमी होईल. गेल्यावर घसा धरला तर "तिकडेच थांब, खाडा धरणार नाही" एवढा एक मेसेज एचआरने किंवा ठेकेदाराने ग्रुपवर टाकला, तर किती म्हातारी माणसं वाचतील याचा विचार करा.

चाकणच्या स्थानिकांनाही एक विनंती. महाळुंगे-खराबवाडीकडे वीस-वीस खोल्यांच्या चाळी आहेत, आणि भाडं गोळा करायला घरातले आजोबाच दर महिन्याला खोलीखोलीत फिरतात. ती त्यांची फेरी असते, त्यांचा मानही असतो, मला कळतं. पण काही महिने भाडं फोनपेवर घ्या किंवा नातवाला पाठवा. आजोबांनी वही घेऊन अंगणात बसावं, हिशोब त्यांच्याकडेच राहू द्या.

बँकांचं तर विचारूच नका. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. केंद्र सरकारच्या निवृत्तांना २०२० मध्ये ३१ डिसेंबरपर्यंत मुदत दिली होती, ऐंशीच्या पुढच्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच. तरी सवयीने सगळे पहिल्याच आठवड्यात रांगेत उभे. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच बँक सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितलंय. तुमच्या ओळखीत कोणाला ती मिळाली? माझ्या नाही. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन डिजिटल दाखला काढून देतो, थोडे पैसे पडतात, पण ही सोय आहे हे आमच्या आळीत चौघांनाही माहीत नव्हतं. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत पथकं घरोघर फिरली, ताप घेतला, ऑक्सिजन मोजला, ही चांगली गोष्ट झाली. त्याच यादीवरून ज्येष्ठांच्या घरी एक चिठ्ठी देता आली असती की दाखल्यासाठी बँकेत येऊ नका, असं असं करा.

बाहेरच्या देशांतही हाच घोळ झालाय. तुर्कस्तानने २१ मार्च २०२० ला ६५ वर्षांवरच्यांना घराबाहेर पडायलाच बंदी केली, आणि १० मेला पहिल्यांदा चार तास बाहेर सोडलं. स्वीडनने उलटं केलं, सत्तरीच्या पुढच्यांना फक्त सल्ला दिला. लोकांनी तो बऱ्यापैकी पाळलाही. तरी त्यांचे वृद्धाश्रम उघडे पडले. म्हातारे आपल्या खोलीतच होते, साथ आत आली ती सांभाळणाऱ्यांबरोबर. वृद्धांना जपण्यात आपण कमी पडलो हे तिथल्या मंत्र्यांनी कबूल केलं. २२ ऑक्टोबर २०२० ला त्यांनी सत्तरीवरच्यांसाठीचा वेगळा सल्ला काढून टाकला. एकटेपणाने माणसं खचायला लागली होती, आणि आता जपून वागायचं सगळ्यांनीच, वय कोणतंही असो, असं ठरवलं.

एकटेपणाचं आपल्याकडे कोणी बोलत नाही. विरंगुळा केंद्रातली बैठक मोडली, कट्टा मोडला, हास्यक्लब मोडला. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. सकाळी साडेसहाला, रस्त्यावर कोणी नसताना, मास्क लावून अर्धा तास चालून येते. एका शेजाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, आईंना आवरा. मी नाही आवरणार. मोकळ्या हवेत एकटीने चालणं हे बंद हॉलमध्ये माझ्याशेजारी बसण्यापेक्षा कमी धोक्याचं आहे, हे तिने पेपर वाचून मलाच समजावलंय. भाऊबीजेचं तिने आधीच ठरवलंय. मामा चिखलीहून येणार, पार्किंगमध्ये स्कूटरवर बसणार, ती खुर्ची घेऊन लांब बसणार, ताट स्टुलावर ठेवून ओवाळणार. मामाला तिने फोनवर बजावलं, "पाकीट स्टुलावर ठेव, आणि पाचशेच्या खाली असेल तर येऊ नकोस."

आमच्या शॉपमधली अकरा पोरं मराठवाड्यात जाणार आहेत. सगळ्यांची सुट्टी गुरुवारी सेकंड शिफ्ट सुटल्यावर लागलीय. पाच जणांना मंगळवारीच सोडावं आणि त्यांनी परतल्यावर उरलेलं काम भरून काढावं, असा कागद मी केलाय, हजेरी भत्त्याचा मुद्दाही त्यात घातलाय. सोमवारी मालकांसमोर ठेवणार आहे. काय होतं ते इथेच लिहीन.